शाँबोर : चार दिवस आणि एक फिरलेला कोपरा

३२ वर्षं मी पुण्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. (बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच.) त्या कामानं एक खोड लावली. इमारत कितीही देखणी असो, मला आधी तिच्या नकाशातली उजव्या हाताची खालची चौकट आठवते. काढलं कुणी, तपासलं कुणी, तारीख काय. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात शाँबोरचा राजवाडा आहे, त्याची ही चौकट पाचशे वर्षं कोरी आहे. ६ सप्टेंबर १५१९ ला राजा पहिला फ्रान्स्वा यानं बांधकामाचा हुकूम काढला. देखरेख कुणी करायची ते त्यात आहे, आराखडा कुणाचा ते नाही. हिशोबाचे कागदही बहुतेक सगळे गेले. राजाला तेव्हा पंचविशी पूर्ण व्हायला सहा दिवस बाकी होते.

माझी भाची मुक्ता तूर शहरात शिकते. सप्टेंबरअखेर तिला चार दिवस सुट्टी होती. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "किल्ला आहे ना? मग चल." त्याचं आयुष्य राजगड-तोरण्यावर गेलेलं. तिथं पोचल्यावर काय होणार याचा अंदाज मला तेव्हाच आला होता.

पहिला दिवस : ब्लुआ

पॅरिसच्या ऑस्टरलित्झ स्टेशनवरून ब्लुआला थेट गाडी आहे, दीड-दोन तासांत पोचवते. मुक्ता तूरहून येऊन फलाटावर उभीच होती. आमच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट आहे याची खात्री झाल्यावर मग तिनं वाकून नमस्कार केला.

ब्लुआचा राजवाडा गावाच्या मधोमध उंचावर आहे. समोरच्या चौकात जादूचं संग्रहालय आहे, कारण रोबेर-उदँ हा जगप्रसिद्ध जादूगार १८०५ साली याच गावात जन्मला. आम्ही चौकात उभं राहून भूगोलाचा अभ्यास करत असताना संग्रहालयाच्या खिडक्या उघडल्या आणि आतून सोनेरी ड्रॅगनची मुंडकी बाहेर येऊन डोलायला लागली. नवऱ्याच्या हातातली कॉफी त्याच्याच बुटावर सांडली. शेजारची फ्रेंच पोरं ड्रॅगनपेक्षा त्यालाच जास्त हसली.

ब्लुआत मला एकच गोष्ट बघायची होती, फ्रान्स्वानं १५१५ नंतर बांधून घेतलेला जिना. आठकोनी, दगडी, मळसूत्री, आणि इमारतीच्या दर्शनी भिंतीतून पुढे आलेला. त्याला सज्जे आहेत. राजा चढतोय-उतरतोय हे खालच्या चौकातल्या लोकांना दिसावं, अशी सोय. हा जिना नीट बघून ठेवा, असं मी शाँबोरला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगीन. कारण अवघ्या चार वर्षांनी त्याच राजाच्या पुढच्या घरात जिना बाहेरच्या भिंतीवरून उचलून थेट पोटात नेला आहे. कुणीतरी मध्ये येऊन त्याला काहीतरी सांगितलं, असं वाटतं ते इथं.

रात्री जेवायला शेळीच्या दुधाचं सेल-स्युर-शेर चीज. बाहेरून राखेचा काळा थर, आत पांढरंशुभ्र. राख खायची का, असं नवऱ्यानं विचारलं. मुक्ता म्हणाली, "काका, मिश्री लावता तशी समजा." तो मिश्री लावत नाही, पण राख खाल्ली.

दुसरा दिवस : दोन पेडांचा जिना

ब्लुआ स्टेशनसमोरून हंगामात शाँबोरला बस जाते. आम्ही लहान पिशव्या घेऊन सकाळची पकडली.

शाँबोर दिसायला लागण्याच्या बऱ्याच आधी त्याची भिंत लागते. ५,४४० हेक्टरचं रान आणि त्याभोवती ३२ किलोमीटरची भिंत. जुनं पॅरिस शहर यात मावेल म्हणतात. मग झाडं एकदम बाजूला होतात आणि सपाट गवतावर ते धूड समोर येतं. खालचा भाग अगदी शांत, पांढरट दगडाचा, चार गोल बुरूज. वर मात्र छपरावर मिनार, धुराडी, मनोरे यांची जत्रा. खाली एक माणूस राहतो आणि वर दुसराच, असं काहीतरी.

नवऱ्यानं खंदकाला एक फेरी मारून निकाल दिला. "हा किल्ला नाही. बुरुजाला एवढ्या खिडक्या? आणि आजूबाजूला एक टेकडी नाही!" बरोबरच होतं त्याचं. शातो या शब्दात फ्रेंच लोक किल्ला आणि वाडा दोन्ही बसवतात. मधल्या चौकोनी इमारतीला मात्र ते अजून दोंजों म्हणतात, म्हणजे आपला बालेकिल्ला. नाव लढाईचं, काम शिकारीनंतर मिरवायचं. फ्रान्स्वानं १५१५ मध्ये मारिन्यानची लढाई जिंकली होती, इटली बघितली होती, आणि इटलीहून माणसं आणायला सुरुवात केली होती. त्यांतलाच एक म्हातारा १५१६ मध्ये इथून जवळच्या आँब्वाजला येऊन राहिला. लिओनार्दो दा विंची.

आत गेल्यावर मी आधी जमिनीकडे बघितलं, मग भिंतींकडे. आराखडा तसा साधा आहे. प्रत्येक मजल्यावर अधिक चिन्हासारखी चार दालनं, त्या चिन्हाच्या मध्यावर जिना. उरलेल्या चार कोपऱ्यांत चार घरं आणि चार बुरुजांत चार. म्हणजे मजल्याला आठ फ्लॅट आणि मध्ये कॉमन जिना. कोथरूडच्या बिल्डरला दाखवला तर लिफ्ट कुठे एवढंच विचारेल. पण फ्रान्समध्ये १५१९ साली राजवाड्यात एकसारखे, सुटे फ्लॅट मजल्यामागून मजला रचायचे, हे नवंच होतं.

आणि तो जिना! दोरीला दोन पेड असतात तसे एकाच पोकळ खांबाभोवती दोन मळसूत्री जिने वर जातात. एकाचं तोंड एका बाजूला, दुसऱ्याचं बरोबर पाठीमागे. आम्ही प्रयोग केला. मी इकडून, नवरा तिकडून, मुक्ता खाली पंच. मधल्या खांबाला खिडक्या आहेत. त्यांतून मला त्याची टोपी दिसायची, "एकवीस, बावीस" असा आवाज यायचा (पायऱ्या मोजायची सवय, पर्वतीच्या १०३ पासूनची), आणि पुढच्या खिडकीशी जावं तर तो दुसरीकडेच. शेवटपर्यंत जिन्यात गाठ पडली नाही.

हा खेळ जुना आहे. सतराव्या शतकात गास्तों द ऑर्लेआँ, म्हणजे राजाचा भाऊ, इथं आपल्या लहान मुलीशी हेच खेळला होता. ती चढायला लागली की तो दुसऱ्या पेडातून उतरायचा, आणि तिला वाटायचं आता बाबा सापडले. तिनं पुढं आठवणींत ते लिहून ठेवलंय. राणी आणि राजाची मैत्रीण समोरासमोर येऊ नयेत म्हणून असा जिना केला, ही कथाही तुमच्या कानावर पडेल. प्रत्येक मजल्यावर दोन्ही जिने एकाच दालनांत उघडतात, मग कसल्या टाळताय भेटी?

जिना कुणाचा, यावर लोक पटकन लिओनार्दो म्हणतात. तो २ मे १५१९ ला वारला, हुकूम निघायच्या चार महिने आधी. त्याच्या वह्यांत अनेक पदरी जिन्यांची रेखाटनं आहेत, हे खरं. त्यानं १५१७ मध्ये इथून जवळच्या रोमोराँतँ गावी राजासाठी मोठ्या राजवाड्याची आखणी केली होती आणि ती बारगळली, हेही खरं. पण दुसरा उमेदवारही आहे. दोमेनिको दा कोर्तोना नावाच्या इटालियन कारागिरानं शाँबोरचं लाकडी मॉडेल केलं होतं, त्याचे पैसे त्याला मिळाल्याची नोंद आहे. ते मॉडेल सतराव्या शतकात फेलिब्याँ नावाच्या अभ्यासकानं ब्लुआत पाहिलं, त्याची चित्रं काढली. पुढं मॉडेल हरवलं. चित्रं आहेत. त्यांत इमारत हीच, पण मधोमध मळसूत्री जिना नाही! सरळ जिना आहे. म्हणजे मॉडेल करणारा आणि जिना सुचवणारा एकच होता की दोन होते, इथंच गाडी अडते. माझ्या अनुभवानं सांगते, एकाच नकाशावर तीन हात फिरलेले असतात आणि सही चौथ्याची असते.

टीप : आत टॅब्लेट भाड्यानं मिळतो, त्यात त्या काळची दालनं कशी सजलेली होती ते दिसतं. घ्याच, कारण प्रत्यक्षात बऱ्याच खोल्या रिकाम्या आहेत. त्या पूर्वीही रिकाम्याच असत. राजा येताना पलंग, गालिचे, भांडी सगळं बरोबर आणायचा आणि जाताना घेऊन जायचा. ४२६ खोल्या, २८२ शेकोट्या, आणि फ्रान्स्वा आयुष्यात इथं राहिला सगळे मिळून जेमतेम ७२ दिवस. सप्टेंबरमध्येही आत स्वेटर लागतो.

संध्याकाळी आम्हाला सँ-दिये या नदीकाठच्या गावात मुक्कामाला जायचं होतं, चारपाच किलोमीटरवर. रविवार. टॅक्सी नाही. "तोरण्यापेक्षा सोपं आहे," असं म्हणत नवरा पुढे निघाला आणि अर्ध्या वाटेत पाऊस आला. पुण्यासारखा सरसरून नाही, नुसता भिजवत राहणारा. शेवटी मुक्तानं घरमालकीणबाईंना फोन केला. बाई सत्तरीच्या पुढच्या, एका इटुकल्या गाडीतून आल्या. पुढच्या सीटवर कुत्रा होता, तो उठला नाही. आम्ही तिघं मागे.

त्या घराची भिंत बाईंनी हात फिरवून दाखवली. तोच दगड, तुफो, मऊ चुनखडी, नखानं ओरखडा उठेल असा. शाँबोरचा दगड नदीतून नावांनी याच गावाच्या धक्क्यावर उतरायचा आणि इथून बैलगाड्यांनी जायचा. "सगळाच पोचला असेल असं नाही," असं म्हणून त्यांनी एकदा भिंतीकडे आणि एकदा आमच्याकडे बघितलं. मुक्तानं भाषांतर करायच्या आत नवरा हसला होता. रात्री भोपळ्याचं सूप, ऑम्लेट आणि तार्त तातँ. ही उलटी भाजलेली सफरचंदाची तार्त याच सोलोन्य भागातली. बाईंना मेतकूट भात करून दिला. त्यांनी तो चीज घालून खाल्ला.

तिसरा दिवस : हरणं, संडास आणि फिरलेला कोपरा

पहाटे साडेपाचला दारावर थाप. "ब्राम! ब्राम!" बाई आम्हाला उठवत होत्या. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर इथले सांबरासारखे मोठे नर हरीण माद्यांसाठी ओरडतात, त्याला ब्राम म्हणतात. शाँबोरच्या रानात लाकडी माच आहेत, तिथं कुणीही जाऊन गप्प बसावं. आम्ही बसलो. धुकं इतकं की समोरचं झाड नाही. आणि त्या धुक्यातून आवाज आला. घाट चढताना पहिल्या गिअरमध्ये कण्हणाऱ्या जुन्या एसटीचा आवाज आठवतो? तो. मग डावीकडून दुसऱ्या एसटीचं उत्तर. तासाभरानं धुकं जरा उचललं तेव्हा शिंगांचं एक झुडूप सरकत गेलं, बस्स. पण या सबंध प्रवासात अंगावर काटा आला तो तेव्हाच. राजवाडा इथं ओसाड पाणथळीत का बांधला, याचं उत्तर कुठल्याही फलकापेक्षा त्या आवाजात मिळालं.

(माचावर जायचं तर गडद कपडे, मोबाईल बंद, आणि कुरकुरीत खाणं अजिबात नको. आमचा चिवडा परत आला.)

उजाडल्यावर पुन्हा राजवाड्यात. आज मला एक कोपरा शोधायचा होता. पुरातत्त्व अभ्यासकांनी बालेकिल्ल्याचा कसून अभ्यास केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चार कोपऱ्यांची मांडणी एकसारखी नाही. एक कोपरा बाकीच्यांच्या मानानं फिरलेला आहे. त्यांचं म्हणणं असं : मूळ कल्पनेत चारही कोपरे एकमेकांचे आरशातले जुळे नव्हतेच. मधला जिना हा आस धरून ते जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखे एकामागोमाग वळत जाणार होते. प्रत्येक कोपरा आधीच्यापेक्षा काटकोनात फिरलेला. पुढं कुणीतरी ते बदललं, आणि जुन्या कल्पनेचा पुरावा तेवढा एका कोपऱ्यात राहून गेला.

मी तो कागदावर काढून बघितला. आमच्या ऑफिसात एकदा ट्रेसिंगचा पारदर्शक कागद पालथा पडून एका बंगल्याचा अर्धा मजला उलटा छापला गेला होता, आणि साइटवर तो तसाच बांधलाही. त्यामुळे माझा पहिला अंदाज : पालथा ट्रेसिंग. पण नाही. पालथा पडला तर आरसा होतो, भिरभिरं होत नाही. भिरभिरं कुणीतरी मनात धरूनच काढावं लागतं.

त्यात भर म्हणजे पालादिओ या इटालियन स्थापतीनं १५७० साली छापलेल्या ग्रंथात शाँबोरच्या जिन्याचं वर्णन केलंय, आणि त्यात पेड दोन नाहीत, चार आहेत! चार दालनं, चार तोंडं, चार जिने. कुणी म्हणतं त्याची ऐकीव माहिती चुकली. कुणी म्हणतं मूळ आराखडा चारांचाच होता आणि तो त्याच्यापर्यंत पोचला होता. भिरभिऱ्याच्या मध्यावर चार पेडांचा जिना बसवून बघा, कसा चपखल बसतो. मला तरी हेच पटलं. नवरा म्हणाला, चार असते तर मोजायला चार माणसं लागली असती.

आणि संडास. हसू नका. उत्खननात इथं दोन-दोन खड्ड्यांचे शौचकूप सापडले, हवा वर खेचून नेणाऱ्या नळासकट. आपल्याकडे ग्रामस्वच्छता अभियानात दोन शोषखड्ड्यांचे संडास आले तेव्हा मी त्यांची कितीतरी ड्रॉइंग काढली होती. लिओनार्दोच्या रोमोराँतँच्या विचारांशी ही व्यवस्था जुळते, म्हणून त्याच्या बाजूनं जिन्याइतकाच, किंबहुना जिन्यापेक्षा भक्कम पुरावा लोक यालाच मानतात. मलाही पटतं. जिना कुणीही मिरवायला काढेल. वासाचा विचार आधी करणारा माणूस वेगळा.

दुसऱ्या मजल्याच्या दगडी छतावर चौकटी-चौकटींतून फ्रान्स्वाचं एफ हे अक्षर आणि त्याचं चिन्ह सॅलमँडर कोरलंय, आगीत न जळणारी पाल म्हणा हवं तर. ती पाल बघताना मला दुसराच प्राणी आठवला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून पोर्तुगीज जहाजात एक गेंडा लिस्बनला निघाला. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला. तिथून पोपकडे पाठवताना जहाज १५१६ च्या जानेवारीत मार्सेयजवळच्या बेटाशी थांबलं, आणि तो बघायला गेला होता हाच फ्रान्स्वा. पुढं जहाज बुडालं, गेंडाही. आपल्या गोव्याहून निघालेलं जनावर या राजानं डोळ्यांनी पाहिलं होतं, हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग गेंडा कोरायचा. पाल कसली!"

गच्चीवर जा. उन्हात जा, आणि तासभर ठेवा. खालून जत्रा वाटते ती वर गल्ल्यांचं गाव होते. धुराड्यांवर काळ्या पाटीच्या दगडाचे गोल-चौकोन बसवलेत, इटलीतल्या संगमरवरी जडावाची हौस स्थानिक मालात भागवलेली. इथून दरबारी बायका शिकार निघताना-परतताना बघायच्या. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर लूव्रमधली चित्रं लपवायला याच इमारतीत आणली होती, मोनालिसासुद्धा. म्हणजे लिओनार्दो नाही तरी त्याची बाई राहून गेली.

टीप : युरोपीय संघात राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्या मुलांना तिकीट नाही, ओळखपत्र बरोबर ठेवा. आपल्यासारख्यांचे दर बदलत असतात, आधी बघून घ्या. परतीच्या बसचं वेळापत्रक शाळेच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी वेगळं असतं. आम्ही चुकीचा रकाना वाचला आणि दीड तास बाकावर बसून चिवडा संपवला.

चौथा दिवस : आँब्वाज

ब्लुआहून गाडीनं वीस मिनिटं. लिओनार्दोचं घर क्लो ल्युसे विटांचं, मध्यम आकाराचं, राहावंसं वाटेल असं. गर्दी फार, त्याच्या यंत्रांची मॉडेलं बघायला मुलांच्या झुंडी. मी तिथं फारशी रमले नाही. त्याऐवजी आँब्वाजच्या राजवाड्याचा बुरूज बघितला, त्याच्या घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर. आत पायऱ्या नाहीत, मळसूत्री उतार आहे, घोडे आणि गाड्या थेट वर जायला. लिओनार्दो येण्यापूर्वीच बांधलेला. म्हणजे चढत वळत जाण्याची कल्पना त्याला इथं रोज दिसत होती. कुणी कुणाकडून घेतलं हे लावायला मी आता धजत नाही.

राजवाड्याच्या आवारात छोट्या सँ-ह्युबेर चॅपेलमध्ये त्याची समाधी आहे. तीही खात्रीची नाही. त्याला पुरलं होतं ते चर्च पुढं पाडलं गेलं, १८६३ मध्ये त्या जागी हाडं मिळाली, ती त्याचीच असावीत असं धरून इथं ठेवली. दगडावर कुणीतरी एक पिवळं पान ठेवून गेलं होतं. मुक्ता म्हणाली, "मावशी, ह्या माणसाचं काहीच कसं नक्की नाही गं?"

तूरची गाडी पकडून ती गेली. चटणीचा डबा तिनं नेला, मेतकूट मागेच बाईंकडे राहिलं होतं. पॅरिसच्या गाडीत नवऱ्यानं खिशातला कागद काढला. शाँबोरला दोन्ही दिवस त्यानं दोन्ही पेडांच्या पायऱ्या मोजल्या होत्या आणि आकडा तीनानं चुकत होता. दोन्ही जिने सारखेच असणार, तू मोजताना बोललास, असं मी म्हटलं. तो म्हणाला, बोलत होतीस तू, खिडकीतून. पुण्याला येऊन दोन महिने झाले, अजून फोटो मोठे करून मोजणं चालू आहे.